मेकफाईल कशी लिहावी? (दुकानाचा बिलिंग प्रोग्राम, सी++ आणि क्यूटी)

चौकातला_पुतण्या | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

अप्पा बळवंत चौकात माझ्या काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी मी बिलं आणि साठा सांभाळणारा एक डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला. सी++ आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी), ३४ सोर्स फाईल्स (डॉट सीपीपी), सगळा इंटरफेस मराठीत. दुकानातल्या संगणकावर लिनक्स मिंट मीच घालून दिलं आहे. नोकरी सांभाळून रात्री हे काम करतो.

आजवर बिल्डसाठी माझ्याकडे एक शेल स्क्रिप्ट होती. ती वरपासून खालपर्यंत सगळ्या फाईल्स कंपाईल करते, म्हणजे प्रत्येकीची संगणकाला कळणारी ऑब्जेक्ट फाईल (डॉट ओ) बनवते, आणि शेवटी त्या लिंक करते, म्हणजे जोडून एक प्रोग्राम करते. सहा मिनिटं लागतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकं तेव्हाच काकांनी सांगितलं, "अरे, शाळांना पाच टक्के सोडावे लागतात, तो रकाना दे बाबा बिलात." मी पावती.एच या हेडरमध्ये (अनेक सोर्स फाईल्स वापरतात ती सामायिक फाईल, इथे पावतीची रचना असलेली) क्रमांक आणि एकूण यांच्या मध्ये 'सवलत' घातली. घाई होती म्हणून स्क्रिप्ट न चालवता ज्या दोन फाईल्समध्ये हात घातला होता तेवढ्याच कंपाईल केल्या, बाकीच्या जुन्या ऑब्जेक्ट फाईल्सशी लिंक केल्या आणि दुकानात नेऊन बसवलं. कंपायलर गप्प, लिंकर गप्प.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या बाई ९० वह्या घेऊन गेल्या. २६ रुपयांनी २३४० झाले, सवलत ११७, देणं २२२३. पडद्यावर २२२३ बरोबर दिसत होते. कागदावर मात्र एकूण ११७ छापलं गेलं. संध्याकाळपर्यंत अशी अकरा बिलं गेली. रात्री गल्ला मोजताना काकांच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं ते हाताने बिलं लिहीत होते, कधी चूक नाही. अकरा ठिकाणी फोन करून त्यांनी माफी मागितली, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला फार लागलं.

माझे दोन प्रश्न आहेत. हे झालं कसं? आणि परत होऊ नये म्हणून मेक (मेकफाईलमधले नियम वाचून लागेल तेवढंच परत बांधणारं साधन) वापरायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

कर्वेरोड_६४बिट | शनिवार, रात्री ११:२०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. जुन्या रचनेत क्रमांक ४ बाइटचा, त्यामागे ४ बाइट रिकामे, आणि आठव्या बाइटपासून 'एकूण'. तुम्ही मध्ये सवलत घातलीत तशी आठव्या बाइटवर सवलत आली आणि एकूण सोळाव्यावर सरकली. तुमची छपाईची फाईल जुन्या हेडरवर कंपाईल झालेली होती. तिच्या लेखी आठव्या बाइटवर अजूनही एकूणच होती. तिथे तिला ११७ सापडले, तिने ते छापले. लिंकर फक्त फंक्शनची नावं जुळवतो, पावतीच्या पोटात काय कुठे आहे हे तो पाहत नाही. म्हणून कुठेच एरर आली नाही.

आता मेक. तुमच्यासारख्याच एका प्रसंगातून त्याचा जन्म झालाय, म्हणून सांगतो. १९७६ साल, बेल लॅब्ज ही अमेरिकेतली संशोधन संस्था. याक हे प्रोग्रामरांचं नावाजलेलं साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. बग त्यांनी आधीच दुरुस्त केला होता, पण ती फाईल परत कंपाईल करायची राहिली होती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्रामचा दोष शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. त्यावर उपाय म्हणून फेल्डमन यांनी मेक लिहिलं. २००३ साली त्यासाठी त्यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. याक लिहिणाऱ्या माणसाच्या हातूनही हे झालंय.

मेकचं काम असं चालतं. प्रत्येक नियमात तीन गोष्टी: काय बनवायचं, ते कशापासून बनतं, आणि कसं बनवायचं.

छपाई.ओ: छपाई.सीपीपी पावती.एच
(टॅब) जी++ -सी छपाई.सीपीपी -ओ छपाई.ओ

मेक दोन्हीकडच्या फाईल्सच्या शेवटच्या बदलाची वेळ बघतं. उजवीकडची एखादी फाईल डावीकडच्यापेक्षा नवी असेल, किंवा डावीकडची फाईलच नसेल, तर खालची आज्ञा चालवतं. नसेल तर हात लावत नाही. वरच्या नियमात उजवीकडे पावती.एच आहे ना? एवढं एक नाव तिथे असतं तर छपाई आपोआप नव्याने कंपाईल झाली असती आणि ती अकरा बिलं बरोबर गेली असती.

३४ फाईल्सना ३४ नियम लिहू नका. 'कुठलीही डॉट ओ तिच्याच नावाच्या डॉट सीपीपीपासून' असा टक्क्याच्या चिन्हाचा एकच नियम पुरतो. आज्ञेत डॉलर-ॲट म्हणजे जे बनवायचं ते, आणि डॉलर-लेसदॅन म्हणजे उजवीकडची पहिली फाईल.

चौकातला_पुतण्या | रविवार, सकाळी ८:१५

दादा, मनापासून आभार. तो आठव्या बाइटचा हिशेब वाचून रात्री कागदावर चौकोन काढून पाहिला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सकाळी उठून लिहायला बसलो. पहिल्याच फटक्यात 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' ओळ १४. ओळ तर बरोबर दिसतेय. तासभर झाला.

पेठेतली_ताई | रविवार, सकाळी ८:३१

टॅब. आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला खरा टॅबच लागतो. तुमचा एडिटर टॅब दाबला की चार स्पेस घालत असणार. 'कॅट -ए' लावून फाईल बघा. टॅब असेल तिथे टोपीच्या आकाराच्या चिन्हापुढे इंग्रजी आय दिसेल, स्पेस असतील तर नुसती मोकळी जागा. एडिटरच्या सेटिंगमध्ये मेकफाईलपुरतं ते बदलणं बंद करा.

हा टॅब सगळ्यांनाच छळतो. फेल्डमन यांनाही तो चुकल्याचं लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची कामं त्यांना बिघडवायची नव्हती. जीएनयू मेक (लिनक्सवर असतं ते मेक) ३.८२ पासून दुसरं चिन्ह ठरवायची सोय आहे, पण ती वापरू नका असं मी सांगेन. तुमची फाईल उद्या दुसऱ्याने उघडली तर त्याला टॅबच अपेक्षित असेल.

चौकातला_पुतण्या | रविवार, सकाळी ८:३८

चारच स्पेस होत्या. चाललं! धन्यवाद ताई.

हिंजवडी_शटल | रविवार, दुपारी १:०५

एक विचारतो. २०२० नंतरच्या जगात हाताने मेकफाईल का लिहायची? सीमेक घ्या, बिल्डच्या फाईल्स तोच लिहून देतो. क्यूटी ६ स्वतः सीमेकवर बांधली जाते. ऑटोमॉक, ऑटोयूआयसी, ऑटोआरसीसी या तीन ओळी चालू केल्या की क्यूटीची सगळी निर्माण होणारी प्रकरणं तो सांभाळतो. उद्या काकांच्या शेजारच्या दुकानदाराने विंडोजवर मागितलं तर तीच फाईल चालेल. आमच्याकडे रोज सीमेक आणि निंजावर (मेकसारखंच दुसरं साधन) काम चालतं, हेडरच्या अवलंबनाचा विचार मला करावाच लागत नाही.

कर्वेरोड_६४बिट | रविवार, दुपारी १:४०

तुमचं म्हणणं विंडोजच्या बाबतीत पूर्ण मान्य. पण सीमेक स्वतः काही कंपाईल करत नाही, तो मेकफाईल किंवा निंजाची फाईल लिहून देतो. क्यूटीचा क्यूमेकही मेकफाईलच लिहून देतो. ज्याला ११७ चा अर्थ आज कळलाय त्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने हे नातं लिहावं. नंतर सीमेककडे गेला तर तिथे काय बिघडलंय हे त्याला वाचता येईल. ३४ फाईल्सचं काम आहे, एका रविवारचं.

हिंजवडी_शटल | रविवार, दुपारी १:५२

शिकण्यासाठी म्हणाल तर हो. दुकानात रोज चालणाऱ्या गोष्टीसाठी मी तरी सीमेकच म्हणेन. यावर मी ठाम आहे.

पेठेतली_ताई | रविवार, दुपारी ३:१०

दोघांचं चालू द्या, मी तोवर क्यूटीचं सांगते, कारण पुतण्याची गाडी आता तिथेच अडणार.

क्यूटीत तुम्ही लिहिलेल्या फाईल्सपेक्षा जास्त फाईल्स बनतात. ज्या हेडरमध्ये क्यू-ऑब्जेक्टचा मॅक्रो आहे तो मॉक या क्यूटीच्या साधनाकडून जातो आणि त्यातून एक सीपीपी निघते. ती लिंक करायची राहिली तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल' येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. खिडक्यांचे आराखडे यूआयसीकडून जातात, त्यातून हेडर निघतात. मराठी मजकुराची डॉट टीएस फाईल एलरिलीजकडून जाऊन डॉट क्यूएम होते. आणि चिन्हं, चित्रं, ती क्यूएम हे सगळं आरसीसी एका सीपीपीत बांधून प्रोग्रामच्या पोटात घालतं.

या प्रत्येकाला एकेक नियम. मॉक आणि यूआयसीचे सोपे आहेत. चकवा आरसीसीत आहे. आरसीसीला दिली जाणारी डॉट क्यूआरसी ही नुसती यादी असते. तुम्ही भाषांतरात एक शब्द बदललात तर क्यूएम बदलते, यादी बदलत नाही. नियमात फक्त यादीच लिहिली असेल तर मेक म्हणेल काही करायचं नाही, आणि पडद्यावर जुनाच शब्द दिसत राहील. माझ्या एका प्रोग्राममध्ये 'थकबाकी'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारूनही दोन आठवडे जुनाच दिसत होता, तो याच कारणाने. आरसीसीला 'लिस्ट' पर्याय देऊन विचारलं की यादीतल्या फाईल्सची नावं मिळतात. ती नावं नियमाच्या उजव्या बाजूला घाला.

आता हेडर. छपाईपुढे पावती.एच हाताने लिहिणं आज जमेल, पण सहा महिन्यांनी नवा हेडर आला की तुम्ही विसरणार, आणि परत तेच. हे काम कंपायलरला द्या. -एमएमडी दिलं की जी++ कंपाईल करता करताच प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी एक डॉट डी फाईल लिहितो. ती उघडून बघा, आत मेकचाच नियम असतो: छपाई.ओ, पुढे तिने घेतलेले तुमचे सगळे हेडर. सोबत -एमपी द्या, म्हणजे उद्या एखादा हेडर काढून टाकलात तरी मेक त्याच्या नावाने अडून बसणार नाही. मेकफाईलच्या शेवटी त्या सगळ्या डॉट डी इन्क्लूड करा. इन्क्लूडच्या आधी एक आडवी रेघ ठेवा, कारण पहिल्या खेपेला त्या फाईल्स नसतातच.

मॅकवाली_कोथरूड | रविवार, संध्याकाळी ६:२२

मॅकवर करणाऱ्यांसाठी: ॲपलसोबत येणारं जीएनयू मेक ३.८१ आहे, म्हणजे २००६ सालचं. कोणता नियम का चालला हे दाखवणारा 'ट्रेस' पर्याय ४.० पासूनचा, एका नियमातून एकत्र बनणाऱ्या दोन फाईल्सची खरी सोय ४.३ पासूनची. होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) नवं घेतलं तर ते जीमेक या नावाने येतं.

चौकातला_पुतण्या | मंगळवार, रात्री ११:५५

दोन रात्री बसलो. सगळे नियम झाले. सहा मिनिटांच्या जागी आता एक फाईल बदलली तर सात-आठ सेकंद. चलांची नावं मी देवनागरीत ठेवली आहेत, 'सोर्स', 'ऑब्जेक्ट', 'क्यूटी_हेडर'. जीएनयू मेकला चालतात, हे बघून फार बरं वाटलं.

पण नवीन अडचण. कुठेतरी वाचलं म्हणून सगळं पुसून -जे८ ने (आठ कामं एकदम) चालवलं. पहिल्यांदा झालं. दुसऱ्यांदा 'यूआय_पावती.एच सापडत नाही' म्हणून पडलं. परत चालवलं तर झालं! एकच मेकफाईल, एकच संगणक. हे कसं काय?

कर्वेरोड_६४बिट | बुधवार, सकाळी ७:०५

ही चूक आधीपासूनच होती, -जे ने ती फक्त उघडी पाडली. यूआय_पावती.एच आधी तयार व्हायला हवी हे तुम्ही मेकला सांगितलेलंच नाही. एकेक काम ओळीने होत होतं तेव्हा ती योगायोगाने आधी बनत होती. आठ कामं एकदम सुरू झाल्यावर कोण आधी पोचेल याचा नेम नाही. डॉट डी फाईल्स इथे पहिल्या खेपेला उपयोगी पडत नाहीत, कारण त्या कंपाईल झाल्यावरच बनतात.

यूआयसीकडून निघणारे सगळे हेडर ऑब्जेक्ट्सच्या नियमात उभ्या रेघेनंतर लिहा. रेघेनंतरच्या फाईल्सचा अर्थ: या आधी तयार असू द्या, पण त्या नव्या झाल्या म्हणून मला परत कंपाईल करू नका. परत कंपाईल करायचं का, ते पुढच्या खेपेपासून डॉट डी ठरवतील. ऑब्जेक्ट्सचं फोल्डर बनवण्याचा नियमही तिथेच टाका, रेघेच्या डावीकडे नको. फोल्डरची वेळ आत फाईल आली-गेली की बदलते आणि मग उगाच सगळं परत कंपाईल होत राहतं.

मेक ४.४ मध्ये 'शफल' आहे, ते कामांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करतं. असले लपलेले दोष त्याने लवकर सापडतात. दहा-वीस वेळा चालवून बघा.

चौकातला_पुतण्या | बुधवार, रात्री ९:३०

रेघ घातली. शफल वीस वेळा चालवलं, वीसही वेळा पार. -जे८ ने पूर्ण बिल्ड दीड मिनिटात.

उद्या गुरुवार, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाईल राहील, आणि तिची वेळ नवी असल्यामुळे मेकला ती पूर्ण झालेली वाटेल, असं होईल ना?

पेठेतली_ताई | बुधवार, रात्री ९:४८

बरोबर ओळखलंत. कंट्रोल-सीने थांबवलं तर मेक अर्धवट टार्गेट (नियमात डावीकडे लिहिलेली, बनवायची फाईल) स्वतः पुसतं. आज्ञा एरर देऊन पडली तर पुसावं यासाठी 'डिलीट ऑन एरर' हे खास टार्गेट मेकफाईलमध्ये एकदा लिहून ठेवा. वीज गेली तर मात्र पुसायला मेकच जिवंत नसतं. वीज आल्यावर 'क्लीन' (बनलेल्या फाईल्स पुसणारा नियम) करून नव्याने बांधा, दीड मिनिटाचा तर प्रश्न आहे. आणि 'क्लीन'ला 'फोनी', म्हणजे फाईल नसलेलं नुसतं नाव, म्हणून जाहीर करा, नाहीतर क्लीन नावाची फाईल चुकून तयार झाली तर ते चालणारच नाही.

चौकातला_पुतण्या | शुक्रवार, रात्री ११:१०

आज दुकानात पेनड्राइव्हवर सगळा सोर्स नेला आणि तिथेच मेक चालवलं. 'फाईलची वेळ भविष्यातली आहे', 'क्लॉक स्क्यू, बिल्ड अपुरा असू शकतो' अशा अर्थाच्या सूचना आल्या. आणि कितीही वेळा चालवलं तरी दर वेळी सगळ्या फाईल्स कंपाईल. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख २०१२ ची. दुकान बंद करताना काका मेन स्विच पाडतात, आणि तिथे इंटरनेट नाही.

कर्वेरोड_६४बिट | शुक्रवार, रात्री ११:२६

मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. सीआर२०३२ मागा, तपकीर गल्लीत मिळेल, चौकातून चालत पाच मिनिटं. तुमच्या सोर्सवर यंदाची तारीख, तिथे बनलेल्या ऑब्जेक्टवर २०१२ ची. मेकच्या नजरेत सोर्स कायमच नवा, म्हणून दर वेळी सगळं. हे फक्त वेळखाऊ आहे, घातक नाही. उलटं झालं असतं, ऑब्जेक्ट भविष्यातल्या तारखेचे आणि सोर्स आजचा, तर तुम्ही बदल केला तरी मेक हललं नसतं. म्हणजे पुन्हा ११७. आणि बिलांवरची तारीख तपासलीत का?

चौकातला_पुतण्या | शुक्रवार, रात्री ११:३१

बिलावर तारीख काका रोज सकाळी हाताने टाकतात, मीच तशी सोय ठेवली होती. का टाकावी लागते हे मी कधी विचारलंच नाही. उद्या सकाळी पहिलं काम बॅटरी.

पेठेतली_ताई | शनिवार, सकाळी ७:४०

बॅटरी बदलाच, पण दुकानात कंपाईल करूच नका. तिथे कंपायलर कशाला हवा? घरी 'इन्स्टॉल' नावाचं टार्गेट लिहा. ते प्रोग्राम, चिन्ह आणि मेन्यूत दिसण्यासाठीची डॉट डेस्कटॉप फाईल जागच्या जागी ठेवेल. सगळ्या वाटांच्या आधी डेस्टडिर हे चल लावा, म्हणजे खऱ्या सिस्टिमऐवजी एका रिकाम्या फोल्डरमध्ये सगळं उतरवता येतं. त्या फोल्डरचं डेब पॅकेज (मिंटवर प्रोग्राम बसवायची एकच फाईल) करणारं आणखी एक टार्गेट. पेनड्राइव्हवर एवढी एकच फाईल न्यायची.

आणखी एक करा. गिटला (सोर्समधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) 'डिस्क्राइब' विचारून मिळणारा आवृत्तीचा आकडा एका छोट्या हेडरमध्ये लिहा आणि 'माहिती' खिडकीत दाखवा. मात्र तो हेडर दर वेळी नव्याने लिहू नका. आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहून जुन्याशी ताडून बघा, फरक असेल तरच जागेवर हलवा. नाहीतर दर वेळी त्याची वेळ बदलेल आणि दर वेळी लिंक होत राहील. काकांचा फोन आला की पहिला प्रश्न, "काका, माहितीच्या खिडकीत कोणता आकडा आहे?"

हिंजवडी_शटल | शनिवार, सकाळी १०:०२

हा आवृत्तीचा सल्ला सीमेकवाल्यांनीही घ्यावा. आमच्याकडेही हे करायचं राहून गेलंय, सोमवारी करतो.

चौकातला_पुतण्या | रविवार, रात्री ८:५०

बॅटरी बसवली, तारीख टिकली. डेब तयार झालं, दुकानात बसवलं. आवृत्तीचा आकडा काकांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

एक राहिलं होतं, ते आज मुद्दाम करून पाहिलं. -एमएमडी घालण्याआधीचे जुने ऑब्जेक्ट शिल्लक नकोत म्हणून एकदा 'क्लीन' केलं, पूर्ण बांधलं. मग पावती.एच उघडली, सवलतीच्या वर 'शाळेचं नाव' हा नवा रकाना घातला, बाकी कुठल्याच फाईलला हात न लावता नुसतं मेक लिहून एंटर दाबलं. ३४ पैकी अकरा फाईल्स एकामागून एक पडद्यावर आल्या. नवव्या ओळीवर छपाई.सीपीपी होती.

नंतर ९० वह्यांचं तेच बिल करून छापलं. कागदावर २२२३. तो कागद काकांना दाखवायला ठेवला आहे.